एका कळशीपुरती जुनी सिस्टीम

लॅपटॉपवर जुनी सिस्टीम शेवटी बसली. बसली, एकच भांडं कोरलं आणि कायमची गेली. आता हे वाक्य विसरून जा, कारण असं काही घडलेलंच नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. कराडला नंदूमामाच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन विचारलंत, तर तो सांगेल की या दुकानात लॅपटॉप कधी नव्हताच. तेव्हा आपणही तो आहे, धडधाकट आहे आणि त्याला काही होणार नाही, असं धरून सुरुवात करू.

खंडेनवमी होती. दुकानातली सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. तराजू, हातोड्या, कात्री, भांड्यांवर नावं कोरायचं मशीन, आणि त्या मशीनला अक्षरं पुरवणारा लॅपटॉप. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. लॅपटॉप उघडा होता आणि चालू होता. मी म्हटलं होतं, बंद करून ठेवू. त्यावर मामा म्हणाला, "दार लावून घेतलेल्या देवाची पूजा करतोस का तू?"

आरती अर्ध्यावर आली आणि स्क्रीनवर निळी चौकट उगवली. नवीन व्हर्जन तयार आहे, थोड्याच वेळात आपोआप सुरू होईल. खाली एक छोटं बटण, 'नंतर'.

मामाला ही चौकट नवी नव्हती. शटर वर करायचं, उदबत्ती लावायची आणि 'नंतर' दाबायचं, असं दुकान उघडायचा त्याचा क्रमच होता. कित्येक महिने तो श्रद्धेनं 'नंतर' दाबत आला होता. मी टाळ्या थांबवून बोट पुढे केलं.

"हात लावू नकोस!" मामा आरतीच्याच चालीत ओरडला.

"मामा, 'नंतर' दाबायचं राहिलंय."

"आज हत्याराला हात लावत नाहीत. उद्या उत्तरपूजा झाली की दाब."

"ते उद्यापर्यंत थांबणार नाही."

"पूजेत बसलंय ते. पूजेत बसलेल्याचं काय वाईट होतंय?"

स्क्रीन काळी झाली. मधोमध ठिपक्यांचं एक गोल चक्र फिरायला लागलं. मामाने त्यावर अक्षता टाकल्या.

"बाबा," गार्गीताई म्हणाली, "ते स्वतःभोवती प्रदक्षिणा घालायला लागलंय."

गार्गीताई म्हणजे मामाची मुलगी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि तुळशीचं लग्न झालं की लगेच तिचं लग्न ठरलेलं. मामी जिन्यावर उभी होती. दुकानाच्या मागच्या बाजूने एक लाकडी जिना वर घरात जातो. मामी त्याच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर उभी राहून पूजा बघायची. शेवटची पायरी ती उतरायची नाही. ते का, हे आता सांगायला हवं.

मशीन येण्याआधी त्या दुकानात भांड्यांवर नावं हेमामामी घालायची. हातात घरघरणारं विजेचं पेन, मांडीवर पातेलं, आणि एक रेघ न आखता सरळ ओळ. तिचं अक्षर असं होतं की लोक दुसरीकडून घेतलेली भांडीसुद्धा नाव घालायला आमच्याकडे आणायचे. मग मामाने मशीन घेतलं. मशीनवाल्या कंपनीचा माणूस आला, त्याने मामीला दिवसभर बसवून चौकटींच्या कागदावर सगळी बाराखडी लिहून घेतली आणि ती अक्षरं प्रोग्राममध्ये भरली. संध्याकाळी मशीनने पहिला तांब्या कोरला. हुबेहूब मामीचं अक्षर. मामा खूश झाला आणि मामीला म्हणाला, "आता तू उद्यापासून खाली आली नाहीस तरी चालेल."

मामी वर गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतरची सहा वर्षंही आली नाही, आणि मामाशी बोललीही नाही. म्हणजे संसार चालू होता, फक्त मधे माणूस लागायचा.

"सोम्या, तुझ्या मामाला सांग, आमटीत मीठ जास्त झालंय, गुमान खा म्हणावं."

मामा माझ्या शेजारीच बसलेला असायचा. "तिला सांग, कळलं."

मी सुट्टीला गेलो की हे काम माझ्याकडे यायचं. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, दुसऱ्यांदा. घरच्यांच्या मते मी कॉम्प्युटर शिकत असल्यामुळे मला मिक्सरही दुरुस्त करता यायला हवा होता आणि निरोपही बिनचूक पोचवता यायला हवे होते.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. मामाने नमस्कार करून लॅपटॉपला हात लावला. नवी सिस्टीम दिमाखात उघडली, तिने मामाचं स्वागत केलं, हवामान सांगितलं. मग मामाने कोरायचा प्रोग्राम उघडला, तेव्हा ती म्हणाली की हा प्रोग्राम या व्हर्जनवर चालणार नाही.

"मग माझ्या भांड्यांचं?" गार्गीताईने विचारलं.

तिच्या लग्नाची भांडी आतल्या खोलीत गवतात गुंडाळून ठेवलेली होती. कळशी, घंगाळ, पराती, डब्यांची उतरंड, ताटं. फक्त नाव घालायचं बाकी होतं.

"दुसरं अक्षर घालू की," मामा म्हणाला. "मशीनमध्ये छापील अक्षर आहे एक."

"नको. अख्ख्या कराडातल्या पोरी माझ्या आईचं अक्षर घेऊन सासरी गेल्या. मी छापील नेऊ? आईच्या अक्षरात नाव पडलं तर भांडी नेईन, नाहीतर कोरी नेते. सासूबाईंनी विचारलं तर सांगते, आमचं दुकान भांड्यांचं नाही हो, अबोल्याचं आहे."

ती वर गेली. मीही गेलो, कारण निरोप लागला असता.

"आई, तूच घाल ना नाव."

"मशीन आहे की," मामी चपाती लाटत म्हणाली. "माझं होतं नव्हतं ते सगळं काढून घेतलंय त्यात."

"ते बंद पडलंय."

"मग ज्यांनी आणलंय त्यांनी येऊन सांगावं, बंद पडलंय म्हणून. मी येईन खाली."

आम्ही खाली आलो. मामाने सगळं ऐकलेलं होतं, जिन्यातून सगळं ऐकू येतं.

"मी काय वावगं बोललो होतो?" तो म्हणाला. "चालेल म्हटलं होतं. येऊ नको म्हटलं होतं का?"

"बाबा, वर जाऊन एवढंच सांगा."

"वर जातोच की रोज. जेवायला." मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "सोम्या, ही जुनी सिस्टीम परत बसवता येते का?"

अशा रीतीने एका जिन्याऐवजी आम्ही जगाच्या बाजारातून गेलेली एक सिस्टीम शोधायला निघालो.

पहिल्यांदा मशीनच्या कंपनीला फोन लावला. कंपनी बंद झाली होती. त्या नंबरवर आता केळ्याचे वेफर्स करणारी एक बाई होती. ती फार सज्जन होती. तिने आमची अडचण नीट ऐकून घेतली आणि मिरीवाले पाठवू का, असं विचारलं.

मग इंटरनेट. जुनं व्हर्जन फुकट देणाऱ्या पुष्कळ साइट होत्या. त्यातल्या एकीवरून मी ते उतरवलं तर त्यातून पत्त्यांचा खेळ निघाला. मामाने दुसऱ्या दिवशी तो खेळ पूर्ण केला, पण सिस्टीम काही बदलली नाही.

"लॅपटॉपच्या पाठीला एक स्टिकर असतो," मी म्हटलं. "त्यावर जुन्या सिस्टीमचा नंबर असतो. तो लागेल."

आम्ही लॅपटॉप उलटा केला. स्टिकर होता. पण मामा दरवर्षी पूजेला लॅपटॉपला पोटावर कुंकू आणि पाठीवर हळद लावायचा, आणि ती हळद बरोबर त्या नंबरावर बसली होती. अर्धे आकडे पिवळे, अर्धे अंदाजपंचे.

"थांब, काढतो," मामा म्हणाला. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सगळं एकाच पदार्थाने साफ झालं आहे. तो आत गेला आणि भिजवलेली चिंच अन्‌ मीठ घेऊन आला. मी अडवायच्या आत त्याने दोन बोटांनी घासायला घेतलं. हळद सुंदर निघाली. आकडेही निघाले. स्टिकर चांदीसारखा लखलखायला लागला.

"चमक बघ," मामा म्हणाला.

गार्गीताईने तो स्टिकर बघितला. तिने वर जाऊन जोरात दार लावलं. लग्नाला महिनाही राहिला नव्हता, आणि मामाचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

"इनामदाराकडे जाऊ," तो म्हणाला.

इनामदारांचा फोटो स्टुडिओ चौकातच आहे. त्यांचा लग्नाचे अल्बम करायचा प्रोग्रामसुद्धा जुन्या सिस्टीमवरच चालायचा, आणि ती सिस्टीम ज्या डिस्कवर होती, ती ते देवघरात, अत्तरदाणीच्या डब्यात ठेवायचे.

"डिस्क देईन," इनामदार म्हणाले, "पण ती या दारातून बाहेर जाणार नाही. एकदा माझ्या मेव्हण्याला दिली, त्याने परत देताना तिच्यावर चहाचा कप ठेवला होता. रोग्याने दवाखान्यात यायचं. दवाखाना घरी जात नाही."

"नंबर?" मी विचारलं.

"डिस्कवरच लिहिलाय. अर्धं कराड त्याच नंबरावर चालतंय."

हे मी न ऐकल्यासारखं केलं.

बसवण्यापूर्वी मी एक गोष्ट जपून केली. मामीच्या अक्षरांचा सगळा फोल्डर, त्यात जे काही होतं त्यासकट, पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. मामाने तो पेनड्राइव्ह माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतला, रुमालात बांधला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

"पडला तर?" मी म्हटलं.

"पडला तर मीच पडेन," मामा म्हणाला.

स्टुडिओत प्लग एकाच जागी होता, सोफ्यापाशी. त्यामुळे ती सिस्टीम मी धबधब्याच्या पडद्यापुढे, नवरानवरीसाठी ठेवलेल्या मखमली सोफ्यावर बसून बसवली. शेजारी मामा, खिशावर हात ठेवून. पासपोर्ट फोटोला आलेले लोक समोर बाकावर बसून आमच्याकडे बघत होते. एका बाईंनी इनामदारांना विचारलं की यांचं कितवं आहे. दर थोड्या वेळाने लॅपटॉप बंद होऊन परत चालू व्हायचा, आणि दर वेळी मामा विचारायचा, "गेला का?" मी म्हणायचो, "आला." तिसऱ्यांदा तो आला तेव्हा जुना हिरव्या टेकडीचा फोटो आणि जुनीच ती सूर काढून उघडायची सवय. मामाने डोळे पुसले. इनामदारांनी सवयीने त्याचा फोटो काढला.

दुकानात आलो तेव्हा दुपारची शांतता होती. मी लॅपटॉप मशीनशेजारच्या स्टुलावर ठेवला, वायरी जोडल्या. बॅटरी कधीचीच मेलेली, त्यामुळे सगळं भिंतीतल्या एका प्लगवर. मशीनच्या सीडीवरून प्रोग्राम बसवला, मामाने रुमाल सोडून पेनड्राइव्ह दिला, फोल्डर जागच्या जागी गेला. प्रोग्राम उघडला. स्क्रीनवर मामीची बाराखडी आली. मामाने त्याच रुमालाने स्क्रीन पुसली.

"झालं," मी म्हटलं.

गार्गीताईने गवतातून कळशी काढली, मामाने ती मशीनच्या फिरत्या पकडीत बसवली आणि हात जोडून डोळे मिटले.

"आई," गार्गीताईने वर हाक मारली, "ये बघायला. तुझ्या अक्षरात नाव पडतंय." आणि तिनेच बटण दाबलं.

टकटकटक करत सुई कळशीवर उतरली. मी आणि मामा एकमेकांचा हात हातात घेऊन हलवत होतो. मामी जिन्यात आली, नेहमीच्या पायरीवर थांबली, कळशी तिच्या बाजूला वळत होती.

"अहो!"

सहा वर्षांनी आलेला तो 'अहो' ऐकून मामाने आधी मागे वळून बघितलं, कोणी गिऱ्हाईक आलंय का.

"अहो, तुम्हालाच! मुलीच्या लग्नाच्या कळशीवर कैलासवासी काय घालताय?"

आम्ही कळशीकडे बघितलं. मामीच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'कै. धोंडीराम'. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामा एका देवळासाठी तांब्ये कोरत होता, 'कै. धोंडीराम बाबाजी मोहिते यांच्या स्मरणार्थ'. काम अर्धं राहिलं होतं. मी फोल्डर त्यात जे काही होतं त्यासकट उतरवला होता. नवं नाव टाकायचं आनंदात राहून गेलं, आणि प्रोग्राम आज्ञाधारक. जिथे थांबवलं होतं तिथून त्याने पुढचं भांडं घेतलं.

"बंद कर, सोम्या!" मामा किंचाळला.

मी बंद करायचं बटण दाबलं. जुनी सिस्टीम म्हणाली, चालू काम संपेपर्यंत कृपया थांबा. सुई 'बाबाजी'पर्यंत पोचली. मामी शेवटची पायरी उतरली, दुकान ओलांडून भिंतीपाशी गेली आणि तिने प्लग उपटला. सुई थांबली, स्क्रीन विझली. तो लॅपटॉप त्यानंतर पुन्हा कधी चालू झाला नाही. अर्थात, तो नव्हताच.

"कोणी सांगितले होते हे उद्योग?" मामी म्हणाली.

"तुझं अक्षर पाहिजे होतं," मामा म्हणाला.

"मग मी वर काय मेले होते?"

मामा सदऱ्याच्या बाहीने कळशीवरचं 'कै.' पुसायला लागला. कोरलेलं पुसलं जात नाही, हे त्याच्याइतकं त्या गल्लीत कोणाला माहीत नसेल.

"डोळे," तो म्हणाला.

"काय?"

"तुझे डोळे. नावं घालून झाली की संध्याकाळी पाणी यायचं डोळ्यांतून. तू पदराने पुसायचीस आणि म्हणायचीस, धूळ गेली. रोज कुठली गं धूळ? म्हणून मशीन आणलं. म्हणून म्हटलं, आली नाहीस तरी चालेल."

मामीचा हात पदराकडे गेला, तिने तो मागे घेतला.

"आणि हे आज सांगताय?"

"तू वर निघून गेलीस ना."

"जिना कुठे गेला होता?"

मामाने वळून जिन्याकडे बघितलं. तो जागच्या जागीच होता.

"डोळे माझे होते," मामी म्हणाली. "विचारायचं तरी."

गार्गीताई आतून दुसरी कळशी घेऊन आली होती. "आई, ही कोरी आहे."

मामीने विजेचं पेन फळीवरून काढलं. ते कुठे असतं हे तिला बघावं लागलं नाही. मग ती तशीच उभी राहिली.

"मी उभ्याने नाव घालत नाही."

सगळ्यांनी लॅपटॉपकडे बघितलं. तो ज्या स्टुलावर होता ते मामीचं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मामाने तो वायरींसकट उचलला, इकडे तिकडे बघितलं, त्याला कुठे जागा सापडेना, शेवटी त्याने तो माझ्या हातात दिला.

"कुठे ठेवू?"

"नंतर बघू," मामा म्हणाला. त्याने खांद्यावरच्या पंच्याने स्टूल पुसलं. एकदा पुसलं, परत पुसलं. "बस."

"आजच्यापुरतं का?" मामीने विचारलं.

"रोज," मामा म्हणाला. मग घाईघाईने पुढे, "तुला पाहिजे तर. पाहिजे तितकंच. डोळ्यांना चष्मा करू."

मामी बसली. कळशी मांडीवर घेतली. पेन घरघरलं. 'चि. सौ. कां. गार्गी' असं सावकाश उमटलं. मामा वाकून बघत होता. सहा वर्षांत अक्षर जरा मोठं झालं होतं, ओळ शेवटाकडे किंचित वर चढत होती.

"अक्षर बदललंय तुझं," तो म्हणाला.

"मग मशीनमधलं घ्या."

"नको, नको," मामा म्हणाला आणि दुसरं भांडं आणायला आत गेला.

गार्गीताई सगळी भांडी घेऊन सासरी गेली. बटण दाबण्यापूर्वी स्क्रीनवर कोणाचं नाव होतं ते तिने वाचलं नव्हतं का, असं मी तिला नंतर एकदा विचारलं. ती म्हणाली, चष्मा नव्हता रे लावलेला. गार्गीताईला चष्मा नाही.

मामी आता रोज दुकानात बसते. पहिली कळशी तिने मोडीत काढू दिली नाही. गल्ल्याच्या वरच्या फळीवर, मजकूर पुढे करून, ती ठेवली आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे काय हो? मामी म्हणते, यांना विचारा. मामा लॅपटॉपबद्दल काही माहीत नाही असं सांगतो, पण मग कळशीचं काय सांगायचं ते त्याला सुचत नाही. कळशी तिथून हलव म्हणून तोंडी सांगून बघितलं, मामीने ऐकलं नाही. तेव्हा दर दिवाळीच्या साफसफाईला तो मला फोन करतो आणि म्हणतो, तू शिकलेला आहेस, जरा नीट भाषेत लिहून दे. मी लिहून देतो. यंदाचा अर्ज असा:

प्रति, सौ. हेमलता नंदकुमार तांबट, मालकीणबाई, यांस. विषय: फळीवरील कळशीबाबत. महोदया, आपल्या दुकानातील एका कळशीवर काही अपुरा मजकूर असून तो कोणत्या कारणाने पडला याची दुकानाच्या मालकांना काहीही कल्पना नाही. मोहिते मंडळींनीही सदर कळशी विकत मागितली असता आपण नकार दिल्याचे समजते. तरी सदर कळशी, तिच्यावरील मजकुरासह, गिऱ्हाइकांच्या नजरेआड माळ्यावर हलवण्यात यावी व तसे केल्याचे अर्जदारास वर जेवायला बसण्यापूर्वी स्वतः, तोंडी, कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.